नवऱ्यांनी लिहिलेली सात पत्रं

आमच्या ऑफिसचं काम बायकांना उभं करण्याचं होतं. निदान भिंतीवर तसं लिहिलेलं होतं, गुलाबी अक्षरांत, हात उंचावलेल्या एका बाईच्या चित्राखाली. टेक्सासमधल्या शुगर लँड गावात एका लांबलचक पार्किंग लॉटच्या कडेला, नेल सलून आणि दातांचा दवाखाना यांच्या मधल्या गाळ्यात आम्ही बसायचो. स्वतःचा छोटा व्यवसाय असणाऱ्या बायकांना सल्ला, ट्रेनिंग आणि फारच नशीब असेल तर कर्ज. माझ्या हुद्द्याचं नाव एवढं लांब होतं की कार्डावर दोन ओळी लागायच्या. प्रत्यक्षात मी एवढंच करायचे: बाई जे तोंडानं सांगते ते कर्जसमितीला समजेल अशा इंग्रजीत फॉर्मच्या चौकटीत बसवायचं.

दर महिन्याला आमची एक कार्यशाळा असायची. स्वतःवर विश्वास ठेवा, अशा अर्थाचं काहीतरी नाव. येणाऱ्या प्रत्येकीला कापडी पिशवी आणि कपकेक. बायकांना विचारलं की तुम्हाला काय कमी पडतं, तर त्या सांगायच्या, पैसे, पोरं सांभाळायला कोणीतरी, आणि वेळ. आम्ही द्यायचो विश्वास.

मी हे असं बोलायला लागले की माझी बॉस हसून म्हणायची, तुझ्यात खूप पॅशन आहे. त्याला पॅशन म्हणत नाहीत. मी पत्रकांवर वाढले आहे. नागपूरला आमच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ताटं आणि उरलेल्या तीन बाजूंना आईच्या संघटनेची पत्रकं असत. शाळेतून आलं की दोन घड्या घालायच्या आणि शंभराचा गठ्ठा बांधायचा. मला 'कमळ' वाचता येण्याआधी 'निषेध' वाचता येत होतं, असं घरात सांगतात. पुढे अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला गेले तेव्हा तिथल्या थंडीतही कुठल्या ना कुठल्या फलकाखाली उभी असायचे. त्यामुळे माझी एक पक्की समजूत झाली होती की जगातला कोणताही प्रश्न एका पानात सुटतो. वर ठळक मथळा, मध्ये तीन परिच्छेद, खाली मागण्या.

ज्यांना सगळ्याजणी काकू म्हणायच्या त्या बाई ऑफिसात पहिल्यांदा आल्या त्या दिवशी उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरी कापडी बाही घालून आल्या होत्या. साठीच्या जवळपासचं वय, कुर्ता आणि पायांत पळायचे बूट. मला वाटलं हात भाजलाय.

"ऊन लागतं गं. दिवसभर उजव्या खिडकीत बसते मी," त्या म्हणाल्या. "बायकांना गाडी शिकवते."

त्यांच्याकडे एक गाडी होती. पॅसेंजरच्या पायाखाली एक जादा ब्रेक बसवलेला. त्या गाडीवर त्यांचा सगळा व्यवसाय. शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या. शुगर लँडमध्ये घरापासून दुधाच्या दुकानापर्यंत जायलाही गाडी लागते. बस नाही, बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही, आणि उन्हाळ्यात बाहेरची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर पडते. लायसन्स मिळेपर्यंत एम.एस्सी. झालेली बाईसुद्धा कोथिंबिरीसाठी संध्याकाळपर्यंत नवऱ्याची वाट बघते. काकूंनीही अशी वाट बघितली होती, वीस-बावीस वर्षांपूर्वी. शेजारच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी त्यांना गाडी शिकवली. मुलं कॉलेजला गेल्यावर काकूंनी रीतसर परवाना काढून तेच काम सुरू केलं.

आता त्यांना दुसरी गाडी हवी होती. शिकायला रांग होती, आणि त्यांच्या वयाची दुसरी एक बाई शिकवायला तयार होती. शिवाय पहिल्या गाडीचा एसी ऑगस्टच्या तोंडावर बंद पडला होता. कर्ज मिळालं तर दुसरी गाडी, नाही तर आहे तीसुद्धा किती दिवस टिकेल सांगता येत नव्हतं.

आम्ही फॉर्म भरायला बसलो.

"काकू, तुमचा टार्गेट कस्टमर कोण?"

"जिला नवरा म्हणतो शनिवारी शिकवतो, ती."

"कॉम्पिटिटर?"

"तोच."

"तोच म्हणजे?"

"नवरा. फुकट शिकवतो ना. दोन शनिवार शिकवतो. तिसऱ्या शनिवारी घरात बोलणं बंद. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझा फोन वाजतो."

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"पॅसेंजर सीटवर."

मी हे सगळं जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. बॉसनं ते खोडून 'महिलांच्या गतिशीलतेतील दरी' असं काहीतरी घातलं. ऑफिसतर्फे काकूंना एक फुकट मार्गदर्शकही मिळाला, तेल कंपनीतून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि सल्ला दिला की गाड्या वाढवण्यापेक्षा ॲप काढा.

"काढते की," काकू बाहेर येऊन मला म्हणाल्या. "ब्रेक कुठे बसवू त्याला?"

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग समितीनं ग्राहकांची पत्रं मागितली. किमान पाच, दोन आठवड्यांत. काकूंनी त्यांच्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि मलाही त्या ग्रुपमध्ये घेतलं. आठवड्याभरात माझ्या ईमेलवर सात पत्रं आली. सुबक पीडीएफ, व्यवस्थित समास सोडलेली.

पहिल्याची सुरुवात होती, 'माझ्या पत्नीच्या वतीने'.

दुसऱ्यात मुद्दे पाडले होते. पत्नीच्या आत्मविश्वासात लक्षणीय वाढ. माझ्या शनिवारच्या वेळेत बचत. तिसऱ्यात चक्क एक आलेख होता. आडव्या रेषेवर लेसनचा क्रमांक, उभ्या रेषेवर काकूंनी किती वेळा ब्रेक मारला तो आकडा. रेष खाली खाली येत गेलेली. चौथ्यानं काकूंच्या बुकिंगच्या पद्धतीत सुधारणा सुचवल्या होत्या. पाचव्यानं आपण बायकोला किती शांतपणे शिकवायचा प्रयत्न केला यावर दीड पान खर्च केलं होतं. सहावं पत्र पहिल्याचीच नक्कल होतं, फक्त गाडीचा रंग बदलला होता. आणि सातव्यात बायकोचा उल्लेखच राहून गेला होता. सातही पत्रांखाली सात नवऱ्यांच्या सह्या.

मी काकूंना फोन केला. "हे काय आहे?"

"लेटर्स. छान लिहिलीयत ना? तो ग्राफवाला तर फारच हुशार आहे."

"काकू, गाडी बायका शिकल्या. पत्रं नवऱ्यांनी का लिहिली?"

"अगं, ऑफिसला इंग्लिशमध्ये काही पाठवायचं म्हणजे तेच पाठवतात. घराचं लीज, शाळेचा फॉर्म, व्हिसाचे कागद. लॅपटॉप उघडाच असतो त्यांचा. बायकांनी सांगितलं, त्यांनी लिहून दिलं. तू पाठव की पुढे."

"मी नाही पाठवणार."

फोन ठेवला आणि मी तेच केलं जे मला लहानपणापासून येतं. वीस मिनिटांत एक पत्रक लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. मथळा होता, 'स्टिअरिंग तुमच्या हातात, मग पेन कुणाच्या?' जी बाई फ्रीवेवर ट्रकच्या शेजारून गाडी काढते तिला पाच ओळी लिहायला मालक लागतो का, असा प्रश्न विचारला होता. 'मालक' या शब्दावर मी विशेष खूश होते. खाली तीन मागण्या: पत्र स्वतः लिहा, सही स्वतः करा, शुक्रवारच्या आत पाठवा. शेवटी 'इंग्रजी चुकली तरी चालेल' असं औदार्यही दाखवलं. मग संगणक बंद केला आणि घरी जाऊन निवांत खिचडी खाल्ली.

 ग्रुपवर एकीनं अंगठा टाकला आणि पाच मिनिटांनी काढून घेतला. एक ग्रुप सोडून गेली. सकाळपर्यंत ते पत्रक सगळ्या नवऱ्यांनी वाचलं होतं. दोघांनी बायकोचे पुढचे लेसन कॅन्सल केले. त्यातला एक आलेखवाला होता. त्यानं काकूंना माझ्या भाषेच्या सुरावर एक परिच्छेदही पाठवला, मुद्दे पाडून.

दहा वाजता काकू ऑफिसात आल्या. मला वाटलं ओरडतील. त्या खुर्चीत बसल्या, हातावरची बाही उतरवली, तिची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"किती वर्षं झाली तुला अमेरिकेत?"

"चार."

"आणि लग्नाला?"

"लग्न नाही झालेलं."

"बरं."

ते 'बरं' मला चांगलंच लागलं. मी म्हटलं, "काकू, मी काही खोटं लिहिलं का?"

"खोटं कुठे? खरंच लिहिलंस. माझ्या दोन मुली गेल्या त्यापायी. एकीची मंगळवारी टेस्ट होती."

"जो माणूस एका मेसेजवर बायकोचा क्लास बंद करतो, त्याला…"

"त्याला काय? तो तुझ्या घरी राहतो का? तू लिहिलंस, ऑफिसला कुलूप लावलंस आणि गेलीस. ती संध्याकाळभर त्याच्यासमोर बसली होती पोळ्या लाटत." त्या थांबल्या. "आणि कर्ज कुणाला हवंय? मला. भांडण कुणाचं? तुझं. माझ्या गाडीत बसून तुझं भांडण कशाला चालवतेस?"

 मी बॉससारखी मान हलवली.

"आता एक सांग," काकू म्हणाल्या. "लेटर इंग्लिशमध्येच पाहिजे असं लिहिलंय का कुठे?"

मी सूचनापत्र उघडलं. तो कागद मी निदान चाळीस बायकांसमोर तरी उघडला असेल. ग्राहकाच्या स्वतःच्या शब्दांत, एवढं वाचून मी नेहमी पुढे जायचे. खालच्या ओळीत होतं: अन्य भाषेतील पत्रासोबत इंग्रजी भाषांतर जोडावे.

लहानपणी मराठी पत्रकांच्या घड्या घालून माझी बोटं शाईनं काळी व्हायची. आणि मी त्या बायकांना काय सांगितलं होतं, तर इंग्रजी चुकली तरी चालेल. त्यांच्यातली एक नाशिकला कॉलेजात फिजिक्स शिकवायची.

"शुक्रवारी समितीला द्यायचंय ना?" काकूंनी विचारलं. "उद्या माझे पाच लेसन आहेत. तू गाडीत यायचं. मागे बसायचं. बोलायचं नाही."

"अजिबात?"

"दार नीट लागलं नसेल तर सांग."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी नऊपासून काकूंच्या मागच्या सीटवर होते. एसी बंद, चारही काचा खाली. प्रत्येक लेसनच्या शेवटी काकू गाडी भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये सावली बघून लावायला सांगायच्या. किल्ली काढून घ्यायच्या, क्लिपबोर्डला लावलेला कोरा कागद आणि पेन पुढे करायच्या. "गाडीबद्दल जे वाटतं ते लिही. मराठीत लिही. मी बाहेर उभी आहे." मग खरंच बाहेर जाऊन उभ्या राहायच्या.

क्लिपबोर्ड ठेवायला स्टिअरिंगशिवाय जागा नव्हती. जोर देऊन लिहिलं की हॉर्न वाजायचा. भाज्यांच्या पिशव्या घेऊन येणारे लोक दचकून बाजूला व्हायचे, आणि लिहिणारी त्यांना खिडकीतून सॉरी म्हणायची आणि पुढचं वाक्य लिहायची.

एकीनं लिहिलं, 'परवा एकटी लायब्ररीत गेले. पुस्तक घेतलं नाही. पार्किंगमध्ये अर्धा तास गाडीतच बसले. कोणी फोन केला नाही, मीही केला नाही. छान वाटलं.' दुसरीनं लिहिलं, 'घरी शिकताना ओरडा बसायचा. काकू ओरडत नाहीत, ब्रेक मारतात.' फिजिक्सवाल्या बाईंनी आधी गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराबद्दल चार ओळी लिहिल्या, मग त्या खोडल्या आणि लिहिलं, 'मी कॉलेजात साठ मुलांना गप्प बसवायचे. इथे आल्यावर मीच गप्प बसले होते. आता चौकात कुणी मध्ये घुसलं तर मी काच खाली करून बोलते.' माझ्या पत्रकात यातलं एकही वाक्य नव्हतं. मला सुचलंही नसतं.

पाचव्या लेसनच्या वेळी गाडीत बसायला कोणी नव्हतं, कारण तो कॅन्सल झालेल्यांपैकी होता. आम्ही तशाच पार्किंगमध्ये थांबलो होतो. रस्त्याच्या कडेच्या गवतातून एक मुलगी बाबागाडी ढकलत येताना दिसली. दीड मैल चालत आली होती, दुपारी तीन वाजता. काकूंनी आधी तिला आणि बाळाला दुकानात नेऊन एसीत बसवलं, थंड ताक पाजलं. तिनं तांदळाच्या पोत्यांवर कागद ठेवून पत्र लिहिलं, अगदी पाच ओळींचं. मग पर्समधून एक छापील कागद काढला. तोच आलेख.

"हा पण लावा," ती मला म्हणाली.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मानेनं बोलायची परवानगी दिली.

"तुमचे लेसन त्यांनीच कॅन्सल केले ना?"

"हो. चिडलेत ते. पण तुमच्यावर. माझ्यावर नाही." तिनं ताकाचा ग्लास खाली ठेवला. "दोन संध्याकाळी बसून केलाय हा. लेसन झाला की मला विचारायचे, आज किती वेळा मारला ब्रेक? खरे आकडे आहेत. माझे ब्रेक खरंच कमी झालेत."

"आणि मंगळवारची टेस्ट?"

"जाणार ना. काकू गाडी देतायत."

"त्यांना माहितीये?"

"पास झाले की सांगते. यार, नापास होऊन कशाला सांगायचं?"

मी तो आलेख घेतला. माझ्या तत्त्वात बसेना, म्हणून त्याला परिशिष्ट म्हटलं आणि शेवटी जोडला. पत्रं पाच झाली, चार गाडीत लिहिलेली आणि एक तांदळाच्या पोत्यांवर. भाषांतर करायला मला एक अख्खा दिवस लागला. 'काकू ओरडत नाहीत, ब्रेक मारतात' हे वाक्य मी सहा वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी बॉसला ते दाखवायचं टाळलं.

समितीची बैठक बँकेच्या इमारतीत होती. चारजण. अध्यक्ष एक मऊ आवाजाच्या बाई. त्यांनी पत्रं मन लावून वाचली होती. एक सभासद ब्रेकच्या वाक्याला हसला, आणि आलेखावर बोट ठेवून त्यानं विचारलं, हा कोणी केला?

"कॉम्पिटिटरनं," काकू म्हणाल्या.

मग अध्यक्षबाई मुद्द्यावर आल्या. काकूंच्या एकटीच्या नावावर काहीच नव्हतं. घर, विजेचं बिल, क्रेडिट कार्ड, सगळं काकांच्या नावावर, काकूंचं नाव पुढे जोडलेलं. इथे वीस वर्षं संसार चालवलेल्या बाईनं कधी पैसे वेळेवर फेडले की नाही, याचा कागदोपत्री एकही पुरावा नव्हता. "तुमचे पती जामीन राहायला तयार होतील का?" बाईंनी विचारलं. फार प्रेमानं विचारलं.

मी तोंड उघडलं. मथळा तयार होता. तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पायावर एक पळायचा बूट पडला आणि पडूनच राहिला.

"ते तयार होतील," काकू त्यांच्या सावकाश, घोळदार इंग्रजीत म्हणाल्या. "ते कशावरही सही करतात, वाचत नाहीत. पण मी तयार नाही. त्यांनी सही केली की ती गाडी घरात त्यांची होणार. मग शनिवारी ते ती धुणार, रविवारी मित्राला एअरपोर्टला सोडणार, आणि सोमवारी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीला सांगणार की आज गाडी नाही. माणूस चांगला आहे. चांगलाच माणूस असं करतो."

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्याही घरी अशी एखादी गाडी असावी.

तीन आठवड्यांनी कळलं की कर्ज मंजूर झालं. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, तारण म्हणून विकत घ्यायची तीच गाडी, जामीन कोणी नाही. नव्याऐवजी जुनी गाडी घ्यावी लागणार होती, पण जादा ब्रेकचा खर्च त्यात बसत होता. व्याज बायकांना उभं करणाऱ्या संस्थेला शोभेल असं मुळीच नव्हतं. ते मी बॉसला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्यात खूप पॅशन आहे. त्या मधल्या आठवड्यांत आलेखवाल्याची बायको एकदा नापास झाली आणि एकदा पास, आणि ठरल्याप्रमाणे तिनं घरी फक्त दुसरी बातमी सांगितली. तिला काकूंकडे शिकवायचं काम करायचं होतं. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही. त्यावर मी एक पत्रक लिहिलंय, ते अजून कुणाला पाठवलेलं नाही. आधी तिला दाखवणार आहे.

सहीच्या दिवशी काकूंनी कराराचं पान न् पान वाचलं. कर्ज अधिकारी तासभर समोर बसून होता. त्यानं दोनदा घड्याळाकडे बघितलं तेव्हा काकू त्याला म्हणाल्या, "तुम्ही जेवून या. मी इथेच आहे." शेवटी त्यांनी सात ठिकाणी सही केली, पेन परत दिलं आणि हातावर बाही चढवली.

बॉस धावत आली. तिच्या हातात दारापेक्षा थोडा लहान असा पुठ्ठ्याचा गुलाबी चेक होता. ऑफिसच्या वार्तापत्रासाठी फोटो हवा होता.

"फोटो नको. तीन वाजता लेसन आहे," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

फोटोग्राफर आलेला होता आणि चेक छापलेला होता. मग तो माझ्या हातात देण्यात आला.

त्या महिन्याच्या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर मी एकटीच उभी आहे. हातात पुठ्ठ्याचा चेक, मागे हात उंचावलेली गुलाबी बाई, आणि चेहऱ्यावर दातांच्या दवाखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखा भाव. खाली लिहिलंय, 'स्वतःच्या स्वप्नांना गती देणारी उद्योजिका'.

मी तो अंक काकूंना नेऊन दाखवला. त्या नव्या गाडीत, म्हणजे जुन्या दुसऱ्या गाडीत, पॅसेंजर सीट पुढे-मागे करून ब्रेकपर्यंत पाय पोचतो का ते बघत होत्या. त्यांनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ न्याहाळला.

"बरी आलीयस," त्या म्हणाल्या. "केस विंचरायचे होतेस."